परसातली मुल्की

पालीइतका जवळचा आणि तरीही परका राहिलेला प्राणी आपल्या घरात दुसरा नसावा. आढ्याला, देव्हाऱ्यामागे, तसबिरीच्या आडोशाला ती पिढ्यान्‌पिढ्या नांदते. पण तिला कोणी आपली म्हणत नाही. आपल्या भाषेने मात्र तिला केव्हाच सामावून घेतले आहे. मराठी माणसाच्या मनात शंका आली की ती पालीच्याच आवाजात चुकचुकते. पंचांगात पल्लीपतनाचे कोष्टक असते. पाल पुरुषाच्या उजव्या अंगावर पडली तर काय, स्त्रीच्या डाव्या अंगावर पडली तर काय, याची फळे त्यात दिलेली असतात. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांच्या पंचांगातही बल्लीशास्त्र आहेच. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात तर छताशी सोन्यारुप्याच्या पाली आहेत आणि त्यांना हात लावला की पल्लीदोष फिटतो अशी श्रद्धा आहे. इंग्रजीतला 'गेको' हा शब्दही मलय लोकांनी पालीच्या आवाजावरून घडवला. म्हणजे माणसाने सर्वत्र पालीचे ऐकले खरे, पण तिच्याकडे निरखून पाहिले ते फारच थोड्यांनी.

न पाहण्याचा परिणाम असा की आपल्या लेखी पाल एकच असते. तिच्याखेरीज सरडा, सापसुरळी आणि घोरपड ही नावे आपल्याला ठाऊक असतात आणि यादी तेथेच संपते. वस्तुतः एकट्या भारतात पालींच्या शंभराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या भिंतीवर राहणाऱ्या मोजक्याच. बाकीच्या खडकांच्या भेगांत, झाडांच्या सालींखाली, दगडांखाली आणि वारुळांत राहतात. त्यांचा माणसाच्या घराशी काही संबंध नाही. अशीच एक पाल २०२४ च्या जुलै महिन्यात आमच्या परसात दिसली आणि तिची ओळख पटवण्यात माझे तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

आमचे घर मौला अलीच्या डोंगराच्या अलीकडे, मलकाजगिरीत आहे. काचीगुड्याचा सामायिक वाडा अपुरा पडू लागला तेव्हा वडिलांनी १९७४ साली ही जागा घेतली. त्या काळी हा भाग गावाबाहेरचा समजला जाई. परसाच्या टोकाला हत्तीच्या पाठीएवढी एक शिळा आहे. ती फोडण्याचा खर्च परवडणारा नव्हता म्हणून वडिलांनी तिला हात लावला नाही, आणि पुढे आम्हांला तिची सवय झाली. शिळेच्या पायथ्याशी कमरेइतके उंच वारूळ आहे. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की त्यातून पंखांच्या वाळवीचे थवे निघतात. त्या वर्षी पाऊस लांबला आणि तो थवा जुलैतल्या एका संध्याकाळी निघाला. त्या थव्यामागेच ही पाल शिळेवर आली होती.

पहिल्या दृष्टिक्षेपातच ती घरातली नव्हे हे कळत होते. अंगाने थोराड, मान आखूड, शेपूट मुळाशी जाड. रंग भिजलेल्या विटेसारखा तपकिरी. पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी आणि प्रत्येक ठिपक्याला काळसर कड, जणू कोणी बारीक ब्रशाने काढली असावी. डोळ्यापासून मागे जाणारा एक गडद पट्टा आणि त्याला लागून पांढरी रेघ. शेजारच्या अपार्टमेंटचा पहारेकरी कुंपणावरून पाहत होता. त्याने तत्काळ निकाल दिला, "जहरीला है साब, मारना पडता." आणि तो काठी शोधू लागला.

आमच्याकडे बागकामाला येणाऱ्या बाई मूळच्या श्रीकाकुळमकडच्या. दिवाळीनंतरच्या नागुल चवितीला त्या याच वारुळावर दूध घालतात आणि श्रावणात नागपंचमीला आमच्या घरातली हळद-लाही तेथेच वाहिली जाते; एकाच वारुळाला दोन पंचांगांची पूजा पोहोचते. त्या शांतपणे म्हणाल्या, "इदि पुट्टलो उंटुंदि सार, इंट्लोकि रादु." ही वारुळात असते, घरात येत नाही. विषारी आहे का, असे विचारल्यावर मात्र त्यांनीही मान डोलावली. काठी मी बाजूला ठेवायला लावली, पण त्या दोघांचे समाधान होईल असे उत्तर तेव्हा माझ्यापाशी नव्हते. मारू नका म्हणायचे तर ती कोण आहे, हे सांगता आले पाहिजे.

माझी नोकरी महसूल खात्यातली. जमिनीची ओळख पटवणे हे आमचे नित्याचे काम. सेतवार काढायचा, खासरा पहाणी तपासायची आणि शेवटी जागेवर जाऊन चतुःसीमा पाहायच्या. कागद काहीही म्हणो, पूर्वेचा ओढा आणि पश्चिमेचा दगड डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पंचनामा पुरा होत नाही. पालीच्या बाबतीतही हीच रीत उपयोगी पडेल असे वाटले. पुतण्याने भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढली. दुसऱ्या रात्री ती पुन्हा दिसली तेव्हा तिला पाच मिनिटे काचेच्या बरणीत घेतले, खालून व बाजूने पाहिले, पट्टी शेजारी धरून लांबी टिपली आणि शिळेपाशी सोडून दिले. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ती सुमारे १४ सेंटिमीटर भरली.

हाताशी पुस्तके दोन होती. एक, माल्कम स्मिथ यांचा 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतील सरड्या-पालींवरचा १९३५ सालचा खंड, जो एका स्नेह्याकडून आणला. आणि दुसरे, मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांचे भारतीय सरीसृपांवरील पुस्तक. पालींचा अभ्यास करणाऱ्या एका तरुण संशोधकाशी दूरध्वनीवर बोललो. त्यांनी नाव सांगण्याऐवजी मलाच तीन प्रश्न विचारले: ती डोळे मिटते का, काचेवर चढते का, आणि पाठीवर हात फिरवला तर काय लागेल असे वाटते?

पहिला प्रश्न विचित्र वाटला, पण त्यात अर्धे उत्तर होते. बहुतेक पालींना पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक पडदा असतो आणि त्यावर धूळ बसली की पाल तो जिभेने पुसते. अंगावर ठिपके असलेली, जाड शेपटीची आणखी एक पाल दख्खनच्या काही भागांत व पूर्व घाटात आढळते. तिला इंग्रजीत 'लेपर्ड गेको' म्हणतात. तिला मात्र खऱ्या पापण्या असतात आणि ती माणसासारखे डोळे मिटते. आमच्या पालीने बरणीत असताना दोनदा जिभेने डोळा पुसला. तो पर्याय तेथेच मिटला.

दुसरा प्रश्न पायांचा. लेपर्ड गेकोची बोटे सरड्यासारखी बारीक असतात आणि तिला काचेवर चढता येत नाही. आमची पाल बरणीची काच सहज चढली. खालून पाहता प्रत्येक बोटाला रुंद गादी, गादीवर दोन ओळींत विभागलेल्या आडव्या पट्ट्या आणि पुढे नखासह मोकळे सुटलेले एक पेर दिसत होते. या रचनेवरूनच त्या कुळाला 'हेमिडॅक्टिलस' म्हणजे 'अर्धबोटी' असे ग्रीक नाव मिळाले. या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य केस असतात. २००० साली केलर ऑटम या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी टोके नावाच्या मोठ्या पालीच्या अशा एका केसाची पकड मोजली. २००२ साली त्यांनी दाखवून दिले की पालीच्या पायाला ना डिंक असतो, ना हवा ओढून धरणारा पेला. केस आणि पृष्ठभाग यांच्या रेणूंमधले अतिसूक्ष्म आकर्षणच तिला धरून ठेवते. आमच्या घरातली पाल काय नि ही काय, दोघीही याच अर्धबोटी कुळातल्या. म्हणजे परकी वाटलेली ही पाल आमच्या आढ्यावरच्या पालीची चुलत बहीण निघाली.

तिसऱ्या प्रश्नाने निकाल लागला. घरपालीची पाठ बव्हंशी गुळगुळीत दिसते. हिच्या पाठीवर खडबडीत दाण्यांच्या रांगा होत्या आणि छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर प्रत्येक दाण्याला कंगोरे दिसले. स्मिथच्या खंडातले वर्णन शब्दाशब्दाने जुळत गेले: कंगोरेदार दाणे, गडद कडेचे पांढरे ठिपके, डोळ्यामागचा पट्टा. नाव होते 'हेमिडॅक्टिलस ट्रायेड्रस', म्हणजे त्रिपृष्ठी दाण्यांची अर्धबोटी. इंग्रजीत तिला 'टर्माइट हिल गेको' म्हणतात. मराठीत सांगायचे तर वारुळातली पाल.

हे नाव वाचले आणि मी पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसलो. श्रीकाकुळमच्या त्या बाईंनी पहिल्याच संध्याकाळी नेमके हेच सांगितले होते. विषाबद्दलची भीती सोडली तर त्यांची साक्ष पूर्ण होती आणि ती पुस्तकातून नव्हे, नित्याच्या पाहण्यातून आली होती. विषाचेही सांगून टाकतो. जगातली कोणतीही पाल विषारी नाही. दुधात पाल पडली आणि माणसे आजारी पडली अशा बातम्या आपण वाचतो, त्यात दोष असतो तो अन्नात वाढणाऱ्या जंतूंचा. पहारेकऱ्याला हे समजावून सांगितले. त्याचा पूर्ण विश्वास बसला असे म्हणवत नाही. पण काठी पुन्हा निघाली नाही.

या नावामागचा इतिहासही मनात घर करून राहिला. १८०२ साली ही जात प्रथम शास्त्रात आणली ती फ्रान्स्वा-मारी दोदँ या फ्रेंच अभ्यासकाने. लहानपणीच्या आजाराने त्याचे पाय अधू झाले होते आणि त्याने वयाची तिशीही गाठली नाही. आपल्याकडचे दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिच्का यांनी १८७१ साली खडकांवर राहणाऱ्या एका मोठ्या पालीचे वर्णन केले, ती भद्राचलम परिसरातली, गोदावरीच्या खोऱ्यातली. नाशिक-पैठण-नांदेडहून येणारे आपलेच पाणी तेथे पोहोचते. ही शोधयात्रा संपलेलीही नाही. २००८ साली वरद गिरी व आरन बाउअर यांनी वर्णिलेल्या एका पालीला साताऱ्याचे नाव मिळाले. वारुळातल्या पालींचा हा गट २०१८ साली नव्याने तपासला गेला, तेव्हा त्यातून दोन नव्या जाती वेगळ्या निघाल्या. एकीला बिट्टू सहगल यांचे नाव दिले गेले आणि दुसरीला रॉम्युलस व्हिटेकर यांचे. २०२० साली तर तेलंगणातल्या खडकांवरच्या आणखी दोन नव्या पाली नोंदल्या गेल्या. ज्या शिळा फोडून आपण रस्त्याची खडी केली, त्यांच्या भेगांत कोण राहत होते याची नोंद अजून पुरी व्हायची आहे.

पालीचे नाव सापडल्याचा आनंद होताच. पण ज्या गोष्टीने मला अस्वस्थ केले ती वेगळीच होती. दिसताक्षणी आम्ही सर्वांनी तिला 'ही कुठून आली?' असे विचारले होते. हा प्रश्न आपल्यासारख्या घराण्यांना नवा नाही. माझे आजोबा १९११ च्या सुमारास वाईहून हैदराबादेत नोकरीसाठी आले. वाई इंग्रजी अमलातली, म्हणून ते येथे गैरमुल्की ठरले. १९१९ च्या मुल्की नियमांप्रमाणे बाहेरच्या माणसाला मुल्की व्हायचे तर पंधरा वर्षांचे वास्तव्य लागे आणि त्याबरोबर एक शपथपत्र लागे की मूळ ठिकाणी परतण्याचा विचार मी सोडून दिला आहे. आजोबांचा उर्दूतला तो कागद आमच्या पेटीत अजून आहे. त्याखाली त्यांची मोडी वळणाची सही आहे. कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या माणसाने तो मजकूर लिहून देताना काय वाटून घेतले असेल, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. घरात एवढेच ऐकू येई की त्यानंतर ते वाईला गेले ते फक्त लग्नकार्यापुरते.

पुढे १९५६ साली राज्य विभागले गेले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि वडिलांनी येथेच राहणे पसंत केले. माझ्या पिढीला १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे आपण 'स्थानिक उमेदवार' आहोत हे शाळेच्या दाखल्यांवरून सिद्ध करावे लागले. २०१४ साली तेलंगण झाले तेव्हा कोण कोणत्या राज्याचा हा हिशेब पुन्हा एकदा मांडला गेला. यात कोणाविषयी तक्रार नाही. ज्या भूमीत रोजगार मोजका, तेथे हा प्रश्न निघणारच, आणि मी स्वतः अधिकारी म्हणून असे शेकडो दाखले तपासून सही केली आहे. पण तीन पिढ्या 'आम्ही इथलेच' हे कागदावर सिद्ध करणाऱ्या घराने परसातल्या पालीला परकी म्हणावे, याचा विचार करायला हवा होता. ज्या शिळेवर ती बसली होती तिचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे. आम्ही त्या शिळेपाशी येऊन पन्नास वर्षे झाली. चतुःसीमा पाहायच्या ठरवल्या तर मुल्की कोण, याचा निकाल द्यायला अधिकारी लागणार नाही.

हा विचार केवळ विचार राहिला असता तर लेख लिहिला नसता. आमच्या बंधूंचे आणि माझे वय झाले आहे, मुले पुण्या-बंगळूरला व परदेशी आहेत, आणि ही जागा एका बांधकाम व्यावसायिकाला विकसनासाठी द्यावी असे घरात ठरले आहे. मी त्याच्या विरोधात नाही. मोठे घर म्हातारपणी सांभाळवत नाही. पहिल्या आराखड्यात मात्र शिळा सुरुंगाने उडवायची आणि तेथे वाहनतळ करायचा असे होते. शिवाय पाया भरताना वाळवी लागू नये म्हणून मातीत औषध मुरवतात. म्हणजे शिळा वाचली तरी वारूळ वाचणार नाही, आणि वारूळ गेले की पाल जाणार.

घरात दोन बैठका झाल्या. धाकट्या बंधूंचे म्हणणे रोकडे होते, "दादा, पालीसाठी गाड्यांची जागा सोडायची का?" प्रश्न गैर नव्हता. वहिनींनी मात्र विचारले, "आणि नागपंचमीला लाह्या कुठे वाहायच्या, वाहनतळात?" मग नकाशा पुढे घेऊन बसलो. इमारतीच्या मागे नियमाप्रमाणे काही जागा मोकळी सोडावीच लागते. आराखडा चार हात पुढे सरकवला तर शिळा आणि वारूळ त्या मोकळ्या पट्ट्यात बसतात आणि गाड्यांच्या दोन जागा कमी होतात. त्या दोन जागा आमच्या वाट्यातून वजा कराव्यात असे मी सुचवले. आता करारनाम्याच्या मसुद्यात एक कलम आले आहे: मागील मोकळ्या जागेतील शिळा व तिच्या पायथ्याचे वारूळ आहे त्या स्थितीत राहील, शिळेभोवती फरसबंदी केली जाणार नाही आणि वाळवीचे औषध पायापुरतेच मर्यादित राहील. सही अद्याप व्हायची आहे. औषध जमिनीखाली किती पसरेल, रात्रभर जळणाऱ्या दिव्यांत ती पाल राहील की नाही, याची हमी कोणतेही कलम देऊ शकत नाही. तरी दस्तऐवजात तिच्या जागेचा उल्लेख असावा, एवढे माझ्या हातात होते.

हैदराबादच्या शिळा वाचाव्यात म्हणून १९९६ पासून 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' ही संस्था काम करीत आहे. मोठ्या, नाव मिळालेल्या शिळांकडे तिच्यामुळे लोकांचे लक्ष गेले. परसातल्या निनावी शिळांकडे आपल्यालाच पाहावे लागेल. काचीगुडा, कुतबीगुडा, बरकतपुरा, मलकाजगिरी येथली आपली जुनी घरे एकामागून एक पडत आहेत. पडण्यापूर्वी आपण घराची छायाचित्रे घेतो, देव हलवतो, कागदपत्रे आवरतो. त्याच आठवड्यात एक रात्र बॅटरी घेऊन परसात जावे, अशी माझी वाचकांना विनंती आहे. आडाच्या कठड्याखाली, शहाबादी फरशीच्या फटीत, चिंचेच्या सालीखाली कोण आहे ते पाहावे. हाताळण्याची गरज नाही; डोळा, पाय आणि पाठ यांचे छायाचित्र पुरते. तारीख, जागा आणि घरातल्या कामकरी माणसांनी सांगितलेले नाव लिहून ठेवावे. ते नाव बहुधा खरे निघते. अशा पाच-दहा नोंदी जमल्या तर या पत्रिकेच्या एखाद्या अंकात त्या एकत्र छापता येतील, आणि हैदराबादच्या मराठी घरांच्या इतिहासात घरमालकांच्या नावांशेजारी आणखी काही रहिवाशांची नावे लागतील.